पहिल्या पिढीचा विद्यार्थी आणि आपले साहित्य

दहावीचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यात फलक लागतात. गुणवंत मुलामुलींची छायाचित्रे, टक्केवारी आणि खाली शुभेच्छुकांची लांबलचक यादी. मग सत्कार होतो. वक्ते सांगतात की मेहनत केली की सर्व काही मिळते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आठवीच्या पटावर असलेली पण फलकापर्यंत न पोचलेली मुलेही मला ठाऊक असतात. त्यामुळे घरातला पहिला शिकलेला माणूस ज्या पुस्तकात येतो, ते पुस्तक मी थोड्या वेगळ्या नजरेने वाचतो. या यशाचा हिशेब लेखकाने पूर्ण मांडला आहे का, हे मी पाहतो.

मराठीत हा हिशेब प्रामाणिकपणे मांडणारी परंपरा आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ (1978), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (1987), नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (1993) ही त्यातली ठळक नावे. ही सर्व आत्मकथने दलित आणि भटक्या-विमुक्तांची वेदना म्हणून वाचली गेली, आणि ते योग्यच झाले. पण पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची कहाणी म्हणूनही ती वाचली पाहिजेत. शिवाय त्यांपैकी बहुतेकांत स्थलांतर आहे.

‘बलुतं’ची रचनाच पाहा. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. माणूस एकच आहे, पण शिक्षणाने त्याचे दोन झाले आहेत. शिकलेल्याला मागची वस्ती सुटत नाही आणि पुढची वस्ती आपलीशी वाटत नाही. गुणपत्रिकेत या किमतीसाठी रकाना नसतो. तो रकाना साहित्यात दया पवारांनी भरला.

‘उपरा’तील प्रश्न वेगळा आहे. टोपल्या विणणारे कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरते. शाळा मात्र एका जागी उभी असते. मुलाचे घर हलत नाही, असे शाळेने गृहीतच धरलेले असते. यंत्रमागाच्या गावात शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे पुस्तक जुने वाटत नाही. आझमगढ-मऊकडचा कामगार ईदला किंवा घरच्या लग्नाला मुलकात जातो, सोबत मुलेही जातात, ती दोन-दोन महिने परतत नाहीत. आम्ही हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ असा शेरा लिहितो. तो शेरा लिहिताना आता माझा हात थोडा थांबतो, तो ‘उपरा’ वाचल्यामुळे.

‘आमचा बाप आन् आम्ही’ हे सत्कारसभांचे आवडते पुस्तक. ओझरहून मुंबईला आलेला दामू आणि त्याची मोठ्या पदांवर पोचलेली मुले. वक्ते त्यातून जिद्द तेवढी उचलतात. प्रत्यक्ष पुस्तकात जिद्दीच्या मागे बाबासाहेबांची चळवळ आहे, पोर्ट ट्रस्टची कायम नोकरी आहे आणि त्या नोकरीमुळे मिळालेले डोक्यावरचे छप्पर आहे. हे तीन आधार वगळून केलेले वाचन अपुरे आहे. रोजंदारीवरच्या, दर अकरा महिन्यांनी खोली बदलणाऱ्या बापाला ‘दामूसारखी जिद्द ठेव’ असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. हा दोष पुस्तकाचा नाही, आपल्या वाचनाचा आहे.

आता आपल्या घराकडे वळू. 1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून आपण दंगल, संशय, तलाक, अस्मिता या विषयांवर भरपूर लिहिले. ते लिहिणे भागच होते. परंतु आपल्या कथा-कादंबऱ्यांत शाळेचा वर्ग मला क्वचितच भेटतो. शिकणारा मुलगा आलाच, तर तो बहुधा मदरशातला असतो. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालानुसार शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम चार टक्के मुले मदरशात होती. त्याच अहवालाप्रमाणे 6 ते 14 वयोगटातील पंचवीस टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच गळाली होती. चार टक्क्यांवर इतकी चर्चा झाली, त्या पंचवीस टक्क्यांची कथा कोणी लिहिली?

या विद्यार्थ्याची भाषा हाही साहित्याचा विषय आहे. ‘उर्दू ही मुसलमानांची मातृभाषा’ असे आपण सहज म्हणतो. कोकणातल्या घरात कोकणी बोली आहे, सोलापूर-मराठवाड्यात दखनी आहे. मालेगाव-भिवंडीत 1857 नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांची बोली आहे आणि कालपरवा आलेल्यांची भोजपुरी-अवधी आहे. पाठ्यपुस्तकातली उर्दू यांपैकी कोणाच्याच चुलीपाशी बोलली जात नाही. मुलाला घरची एक भाषा, पुस्तकाची दुसरी, मराठी तिसरी आणि इंग्रजी चौथी. अकरावीला विज्ञान घेतले की दहा वर्षे कमावलेली पुस्तकाची भाषा एका दिवसात निरुपयोगी ठरते. हुशार मुले तिथे कोसळतात आणि आपण म्हणतो, मेहनत कमी पडली.

उर्दू साहित्यात तरी हा विद्यार्थी आहे का? इस्मत चुगताई यांनी ‘काग़ज़ी है पैरहन’मध्ये शिक्षणासाठी घरात केलेला झगडा फार जिवंतपणे लिहिला आहे. पण त्या मॅजिस्ट्रेटची मुलगी होत्या. त्यांच्या घरात पुस्तके होती. विणकराची मुलगी त्या झगड्यापर्यंत पोचतच नाही. म्हणूनच उर्दूचा शिक्षक असूनही मला कबूल करावे लागते की माझ्या विद्यार्थ्याचे चरित्र मला उर्दूपेक्षा मराठी आत्मकथनांत अधिक सापडते. 2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. आमच्या शाळांत ती बव्हंशी गुणांपुरती शिकवली जाते. ‘उपरा’तील चार पाने वर्गात वाचली, तर मराठी ही आपलीही गोष्ट सांगणारी भाषा आहे, हे मुलांना कळेल.

मी स्वतःही चुकलो आहे. एकदा आठवीच्या वर्गाला ‘माझे वडील’ या विषयावर मराठीत निबंध दिला होता. एका मुलाने लिहिले, ‘माझे वडील आजारी आहे. रात्री मी कारखान्यात जातो.’ मी पहिल्या वाक्यातल्या ‘आहे’ला लाल शाईने गोल केला आणि वर ‘आहेत’ लिहिले. दुसऱ्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, म्हणून मी पुढे गेलो. महिन्याभरात त्याचे येणे बंद झाले. तो कांड्या भरायला लागल्याचे इतर मुलांकडून कळले. त्याने मला लेखी सांगितले होते. मी तपासले, पण वाचले नाही.

आपल्या साहित्यालाही मी हेच म्हणतो. आपण एकतर गाऱ्हाणे लिहितो किंवा आदर्श उभा करतो. प्रत्येक भाषणात फातिमा शेख यांचे नाव घेतो; परंतु दहावीला भावापेक्षा जास्त गुण मिळवूनही कॉलेज लांब आहे म्हणून घरी बसलेली मुलगी आपल्या कथेत येत नाही. तिला आणायचे असेल तर फीचे पैसे, बसचा मार्ग, घरातला अभ्यासाचा कोपरा, रात्रपाळीहून आलेल्या अब्बांची झोप, अशा बारीक तपशिलांत उतरावे लागेल. दलित आत्मकथनांचे बळ अशाच तपशिलांत होते.

हे काम आपल्यातल्या पहिल्या पिढीच्या शिकलेल्यांनीच करायचे आहे. शिक्षक, परिचारिका, कारकून, वकील यांनी. आपण कसे शिकलो यापेक्षा आपण शिकावे म्हणून कोणाचे शिकणे थांबले, हे त्यांनी लिहावे. सुरुवात स्वतःपासून करतो. माझ्या बी.एड.च्या प्रमाणपत्रावर माझे एकट्याचे नाव आहे. भाईजान माझ्यापेक्षा अभ्यासात हुशार होते. त्यांनी सातवीत शाळा सोडली आणि ते मागावर उभे राहिले, म्हणून माझी फी भरली गेली. हे मी आजवर कुठेही लिहिले नव्हते.