अर्जुनाचा प्रश्न आणि धृतराष्ट्राचा प्रश्न

पौष वद्य एकादशीस नाशिकवरून त्र्यंबकेश्वरास निवृत्तिनाथांच्या समाधीकडे दिंड्या जातात. त्या पाहिल्या म्हणजे ज्ञानेश्वरी ही मूळची संभाषणांतून झालेली कृति आहे, याची आठवण होते. शके १२१२ मध्यें नेवाशास ज्ञानदेवांनीं गीतेवरील ही टीका सांगितली, ती समोर बसलेल्या गुरूंना आणि श्रोत्यांना उद्देशून. आमच्या घरोघरच्या पारायणांत मात्र हें संभाषण हरवतें. सात दिवसांत सुमारें नऊ हजार ओव्या संपवावयाच्या. मध्येंच थांबून कांहीं विचारण्यास सवड कोठून असणार? शिवाय, पोथीला प्रश्न विचारणें म्हणजे अश्रद्धा, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतही आढळते. ही समजूत खुद्द पोथीसच मान्य नाहीं, असें आम्हांस वाटतें.

तिसऱ्या अध्यायाचा आरंभ पाहावा. ज्ञान श्रेष्ठ, तर मला या घोर कर्मांत कां लोटतोस, असें अर्जुन विचारतो. मुळांत हे दोनच श्लोक. पण ज्ञानदेव तेथें रेंगाळतात. वैद्यानें पथ्य सांगावें आणि मग स्वतःच विष द्यावें, तर रोग्यानें जगावें कसें, असें त्यांचा अर्जुन देवाला तोंडावर विचारतो. हा जवळजवळ आरोपच आहे! आणि लगेच तोच म्हणतो कीं, आईपाशीं दूध मागण्यास लेंकराला अवेळ म्हणून नसते. आरोप आणि लडिवाळपणा एकाच दमांत येतात, हें आम्हांस फार मार्मिक वाटतें. जेथें विश्वास नाहीं, तेथें असें भांडतां येत नाहीं.

अर्जुनाचे प्रश्न ही केवळ ग्रंथरचनेची सोय, असें कोणी म्हणेल. परंतु विवस्वान् तुझ्या आधींचा, मग त्याला तूं हा योग कसा सांगितलास, ही चौथ्या अध्यायांतली शंका काढून टाका. अवतारांचें प्रसिद्ध विवेचन तेथें येण्यास कारणच उरत नाहीं. त्याच अध्यायांत ज्ञान मिळविण्यासाठीं प्रणिपात आणि सेवा यांच्या जोडीला परिप्रश्न सांगितला आहे. सहाव्यांत तर अर्जुन, माकडाला कधीं समाधि लागेल काय, असें विचारून आपल्या मनाची कबुली देतो. प्रश्नांत तो स्वतःच गुंतला आहे.

आतां दुसरा प्रश्नकर्ता पाहूं. गीतेचा पहिला श्लोकही प्रश्नच आहे. पण तो धृतराष्ट्राचा. पुत्रस्नेहानें मोहित होऊन तो विचारीत आहे, हें ज्ञानदेव प्रथमच सांगून टाकतात. सातशें श्लोक त्याच्याही कानांवरून गेले. अठराव्या अध्यायाच्या शेवटीं संजय आनंदानें वेडा झालेला असतां, ज्ञानेश्वरींतला हा म्हातारा राजा विचारतो काय, तर जय कोणाचा होणार? आणि वर, आपल्याला तर दुर्योधनाचाच प्रताप अधिक वाटतो, हेंही सांगून मोकळा होतो.

त्याच्या प्रश्नाचें उत्तर त्याच्यापाशीं अगोदरच तयार होतें. अर्जुनापाशीं तें नव्हतें, आणि जें मिळेल त्यावर त्याला उठून लढावयाचें होतें. आमचीं किती पारायणें धृतराष्ट्राच्या आसनावर बसून होतात, हें ज्याचें त्यानें पाहावें. प्रस्तुत लेखकानें स्वतःचीं मोजलीं, तेव्हां तो आंकडा सांगण्यासारखा निघाला नाहीं.