पत्रिकेंतील वाक्यें कोणाचीं?

साडेसातीच्या धास्तीनें शिंगणापुरास येणारे यात्रेकरू नगर जिल्ह्यास नवे नाहींत. नवा आहे तो त्यांच्या पत्रिकेचा लेखक. गणित आतां संगणक करतो, तें बहुधा चोख असतें. वाद आहे तो फलवाक्यांचा. नऊ ग्रह, बारा स्थानें, मिळून १०८ वाक्यें सॉफ्टवेअरमध्यें आगाऊ लिहिलेलीं. लागू पडतील तीं यंत्र एकाखालीं एक उतरवितें. आमच्या पाहण्यांतील एका पत्रिकेंत आरंभीं विवाहसुख उत्तम होतें, पुढें विवाहास विघ्न! शनि एका राशींत सुमारें अडीच वर्षें राहतो आणि साडेसाती एका वेळीं तीन राशींस असते. म्हणजे तेंच भयवाक्य बारांपैकीं तीन राशींच्या घरीं जातें.

कित्येक सॉफ्टवेअरांत हीं वाक्यें ज्योतिष्यास बदलतां येतात. सोय उत्तम. पण बदल कोणी केला, हें छापील पत्रिकेंत दिसत नाहीं. मूळचें असो वा पदरचें, सारें ऋषिवचन म्हणून वाचलें जातें, आणि त्यावरून एखाद्या मुलीचें ठरलेलें लग्न मोडूं शकतें. जुन्यांची रीत अशी नव्हती. बृहज्जातकांत आयुर्दायाचा विचार करतांना वराहमिहिरानें मय, यवन, सत्य यांचीं मतें नांवानिशीं दिलीं आहेत. शिंगणापुराजवळच्या नेवाशास सांगितली गेलेली ज्ञानेश्वरी एकनाथांनीं शके १५०६ मध्यें शुद्ध केली, तेव्हां शेवटीं शक नोंदविला आणि पदरची ओंवी घालणारास बजावलें. फलज्योतिषावर आमचा विश्वास नाहीं. पण ज्यांचा आहे, त्यांनीं वाक्याखालीं तें बदलणाराचें नांव मागावें.