आईने जोडलेले हात

कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ या 1942 साली आलेल्या संग्रहात क्रांतीचा जयजयकार करणारी ती प्रसिद्ध कविता आहे. तिच्यातले कैदी मरणाच्या दारात उभे आहेत. हातापायांत बेड्या आहेत आणि बांधलेल्या हातांनीच ते आईला अखेरचा नमस्कार करतात. तुरुंगाच्या भिंतीपलीकडे निरोप न्यायला स्वतःच्या श्वासांखेरीज त्यांच्यापाशी कुणी नाही. पुढे अर्धशतक उलटलं, स्वातंत्र्याने पन्नाशी गाठली आणि त्याच कवीने ‘स्वातंत्र्यदेवतेची विनवणी’ लिहिली. इथे नमस्काराची दिशा फिरली आहे. मुलांचे हात आता मोकळे आहेत आणि हात जोडून उभी आहे ती आई.

मला या दोन कविता एकमेकींपासून वेगळ्या वाचताच येत नाहीत. पहिलीत मुलं आईला धीर देतात, डोळे पूस म्हणतात. त्यांच्यापाशी देण्यासारखा प्राण होता आणि तो द्यायला ती मुलं तयार होती. दुसरीत आईला कुणाचाच प्राण नको आहे. तिला अभिवादनही नको आहे, हे ती पहिल्याच ओळीत सांगून टाकते. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, रोषणाई आणि संचलनांच्या दिवसांत, सत्कारमूर्तीनेच सत्कार नाकारावा आणि वाट चुकू नका एवढंच मागावं, ही कल्पना सुचायला देशावर फार खोल प्रेम असावं लागतं. तेव्हा कवीचं वय 85 च्या घरात होतं. पारतंत्र्यात त्याने तरुणांना मरायला शिकवलं असं कुणी म्हणेल, तर या कवितेत तो त्यांना जगायला शिकवतो आहे. आणि जगण्याचे धडे मरण्याच्या धड्यांहून जास्त किचकट आहेत, हे तो जाणून आहे.

या कवितेचा घाट मराठी कानाला लगेच ओळखू येतो. सोळा मात्रांवर थांबणारा आणि पुढच्या चौदा मात्रांत संपणारा चरण, आणि शेवटी ‘असं करू नका’ म्हणून बजावणारी क्रिया. उत्तर पेशवाईतल्या संगमनेरच्या अनंत फंदीने लोकप्रिय केलेला हा फटका. फंदीचा फटका एकट्या माणसाला उद्देशून आहे. प्रपंचात कसं वागावं, कुणाच्या वाटेला जाऊ नये, अब्रू कशी राखावी, असं ते एका घरधन्याला दिलेलं व्यवहारज्ञान आहे, आणि बोलणारा वडीलकीच्या अधिकाराने, काहीसा खडसावून बोलतो. कुसुमाग्रजांनी साचा तोच घेतला आणि दोन बदल केले. एकवचनाचं अनेकवचन केलं, त्यामुळे घरधन्याच्या जागी सबंध देश ऐकायला बसला. आणि खडसावणाऱ्या वडिलांच्या जागी विनवणारी आई आणली. फटक्याचा जरब बसवणारा ठेका तसाच आहे, पण त्यातून येणारा आवाज काकुळतीचा आहे. ठेका आणि आवाज यांच्या या ताणातच कवितेची सारी शक्ती आहे. मोठ्याने म्हटली की ती आज्ञेसारखी वाटते, मनात वाचली की घशात आवंढा येतो.

देशभक्तीच्या कवितेत शत्रू हवाच असतो. या कवितेत तो नाही. परकी सत्ता नाही, सीमेवरचं सैन्य नाही, तोफेचा आवाज नाही. देवतेची सगळी तक्रार घरच्याच माणसांबद्दल आहे, आणि घरच्यांतही बड्या धेंडांपेक्षा तुमच्या-माझ्यासारख्यांबद्दल जास्त. पगार घ्यायचा आणि काम चुकवायचं, याला ती सरळ देशाशी केलेला द्रोह म्हणते. हा शब्द आपण हेर आणि फितूर यांच्यासाठी राखून ठेवला होता. कवीने तो उचलून हजेरीपटावर ठेवला. दुसरा कुणीतरी करील, तिसरा पाहून घेईल असं म्हणत अंग काढून घेण्यालाही त्याने त्याच रांगेत बसवलं आहे.

यानंतर कचेरीचं कडवं. कचेरी लोकांच्या सेवेसाठी असते, ती दरोडेखोरांची लपायची जागा नव्हे, आणि पैसा टेबलाखालून घेतला काय किंवा उघड टेबलावरून घेतला काय, लूट ती लूटच, असा त्याचा आशय आहे. क्रांतिगीत लिहिणाऱ्या हाताने टेबल, पगार, चिरीमिरी असली रोजची सामग्री कवितेत आणली आणि तिचा तोल ढळू दिला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. सातबारा, जातीचा दाखला किंवा म्हाताऱ्या आईच्या पेन्शनचा कागद यांसाठी ज्याने खिडकीसमोर तासन्‌तास काढले आहेत, त्याला या कडव्याचं रसग्रहण कुणी समजावून सांगावं लागत नाही. 2015 साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा अधिनियम आला. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणं हा नागरिकाचा कायदेशीर हक्क झाला आणि टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद झाली. देवतेने जे हात जोडून मागितलं होतं ते पुढे कायद्याला दंडाचा धाक घालून मागावं लागलं. पण खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला बाहेरचा माणूस आपलाच वाटावा, ही त्या कडव्याची मागणी दंडाने पुरी होणारी नाही.

पुतळ्यांचं कडवंही असंच टोचणारं आहे. चौकाचौकांत निर्जीव पुतळे उभारणं ही थोरांची अवहेलना आहे. कोरडी स्तुती सोडा आणि त्यांच्या वाटेने थोडं तरी चाला, असं देवता सांगते. ती फार मोठं काही मागत नाही. कणाएवढं अनुकरणही तिला पुरे आहे, आणि या अल्प मागणीनेच वाचणारा जास्त ओशाळतो. या ओळींमागे कवीचं स्वतःचं चालणं आहे. नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 1930 मध्ये सुरू झालेल्या सत्याग्रहात 1932 साली विशीतला वि. वा. शिरवाडकर, म्हणजेच हा कवी, सामील झाला होता. पुढेही त्याने आयुष्यभर लोकांच्या कामात स्वतःला गुंतवून घेतलं. असा माणूस पुतळ्यांविषयी बोलतो तेव्हा त्याचा शब्द ऐकावा लागतो.

कवितेत उण्या जागा आहेत. कडव्यांचा क्रम सैल आहे. मधली दोन कडवी मागेपुढे केली तरी फारसं बिघडत नाही. काही ठिकाणी काव्य पातळ होऊन नुसता उपदेश उरतो, भिंतीवर रंगवलेल्या सुविचारासारखा. फटका या प्रकाराची ही जुनी खोड आहे आणि इतका मोठा कवी असूनही ती त्याला पुरती चुकवता आलेली नाही. तरी कविता उपदेशांची यादी झाली अशी तक्रार करताना राज्यघटनेचं 51-क हे कलम मला आठवतं. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने दहा मूलभूत कर्तव्यं घटनेत आली, 2002 च्या 86 व्या दुरुस्तीने मुलांच्या शिक्षणाचं अकरावं कर्तव्य आलं. तीही यादीच आहे, आणि तिच्यातलं कलम मोडलं म्हणून कुणाला थेट न्यायालयात खेचता येत नाही. वैज्ञानिक दृष्टी जोपासा, स्त्रीच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणाऱ्या प्रथा सोडा, ही दोन कर्तव्यं त्या यादीत आहेत, आणि ही दोन्ही देवतेच्या विनवणीतही आहेत. घटनेचं वाक्य डोक्याला पटतं. कवितेत अंधश्रद्धेसाठी काळोख पुजणारं घुबड आणि कुबट कोंदट खोली येते, तेव्हा त्या खोलीचा वास नाकाला जाणवतो. घटनेच्या भाषेत हा वास येऊ शकत नाही, येऊही नये. तिथे कवितेची गरज लागते.

आणि स्त्रीविषयीच्या ओळी. स्त्रीला दासी समजून मारू नका आणि देवी समजून पुजूही नका, तिला बरोबरीचा माणूस माना, अशी ती मागणी आहे. सुट्या वाचल्या तर या ओळी सुधारकी वळणाच्या वाटतील. पण बोलतंय कोण ते पाहावं. बोलणारी स्वतः देवता आहे. पूजेचा अनुभव तिच्याइतका कुणाला असणार? पन्नास वर्षं तिची आरती झाली, तिच्या नावाने घोषणा झाल्या, आणि तिचं म्हणणं मात्र कुणी ऐकलं नाही. देव्हाऱ्यात बसवलेल्या बाईचं कुणी ऐकत नसतं, हे ती स्वतःच्या अनुभवावरून सांगते आहे. सुरुवातीला तिने अभिवादन का नाकारलं, याचं उत्तर मला या ओळींत सापडतं. घरातल्या स्त्रीला आणि देशाला एकच न्याय हवा आहे. दोघींनाही माणसासारखं, रोजच्या वागण्यातून मान दिलेला हवा आहे. संपूर्ण कवितेत मला सर्वांत श्रेष्ठ वाटतात त्या याच ओळी.

यातलं भाषेचं कडवं 27 फेब्रुवारीला, कवीच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनाच्या फलकांवर हमखास दिसतं. ते एकटं वाचलं की अस्मितेची आरोळी वाटते. कवितेत ते तसं नाही. परक्या भाषेत निष्णात व्हा असं तिथे आधी म्हटलं आहे. आपली भाषा मरू देऊ नका ही मागणी त्यानंतर येते, आणि तीही आपल्याच लोकांकडे केलेली आहे, दुसऱ्या भाषेच्या माणसावर डाफरण्यासाठी नाही. 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात जागा दिली, 2024 मध्ये तिला अभिजात दर्जाही मिळाला. पण या कवितेत भाषेचं कडवं आणि कचेरीचं कडवं एकाच आईच्या तोंडी आहेत. खेड्यातून आलेल्या बाईला तिचा अर्ज तिच्या भाषेत, तिला कळेल अशा शब्दांत मिळाला आणि तो कुणाच्याही हातावर काही न ठेवता मंजूर झाला, तर त्या एका टेबलावर दोन्ही कडवी एकदम पाळली जातात.