‘माझा प्रवास’ : साक्ष आणि संपादन

१८५७ च्या उठावाविषयी मराठीत जी प्रत्यक्षदर्शीची साक्ष म्हणून सतत पुढे केली जाते, ती वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकाची. तिची थोरवी वादातीत आहे. परंतु ही साक्ष ज्या रूपाने वाचकांपुढे आली, त्या रूपाकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे खेदाने म्हणावे लागते. अजूनही पुष्कळ प्रबंधांतून १९०७ च्या छापील पुस्तकातील वाक्ये ‘गोडसे भटजी म्हणतात’ अशा प्रस्तावनेनिशी उद्धृत केलेली आढळतात. ती वाक्ये खरोखर भटजींची आहेत काय, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही.

प्रवास १८५७ साली सुरू झाला. हकीकत लिहिली गेली १८८३ च्या सुमारास, ती चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. लेखकाच्या हयातीत ती प्रसिद्ध झाली नाही. १९०७ साली वैद्यांनी ती छापली, तीही भाषेत फेरफार करून आणि काही मजकूर गाळून. मूळ हस्तलिखित पुढे भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले, आणि १९६६ साली महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी मूळाबरहुकूम पाठ प्रसिद्ध केला. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक जे वाचत होता, ते एका वैदिक भिक्षुकाचे कथन एका इंग्रजी विद्याविभूषित गृहस्थाच्या लेखणीतून गाळून आलेले असे होते.

वैद्यांना दोष देण्याचे कारण नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या उठावाची हकीकत १९०७ साली छापणे ही साधी गोष्ट नव्हती. पुढच्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली मंडालेला जावे लागले. शिवाय त्या काळच्या संपादकाला ग्राम्य वाटणारी भाषा शिष्ट करणे हे कर्तव्य वाटे. दोष असलाच तर तो, १९६६ नंतरही जुनाच पाठ सोयीचा म्हणून वापरणाऱ्यांचा आहे.

पाठभेदाने काय बिघडते, असे विचारले जाईल. घटना त्याच, तारखा त्याच. पण साक्ष ही केवळ घटनांची यादी नसते. साक्षीदाराने पाहिलेले कोणते, ऐकलेले कोणते आणि मागाहून जुळवलेले कोणते, हे मराठीत बहुधा क्रियापदांवरून आणि लहानसहान अव्ययांवरून कळते. ‘आला’ आणि ‘आला म्हणे’ यांत इतिहासाच्या दृष्टीने जमीनअस्मानाचे अंतर आहे. भाषा सफाईदार करू पाहणारा संपादक नेमक्या याच ‘म्हणे’वर, पुनरुक्तीवर आणि अडखळण्यावर कात्री चालवतो, त्याला ते पाल्हाळ वाटते. त्या काळच्या मोडी लेखनाची अडचण तर आणखी निराळी. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती, विरामचिन्हे नव्हती, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे. त्यामुळे असा मजकूर बाळबोधीत उतरविताना प्रत्येक पूर्णविराम हा संपादकाचा निर्णय असतो. वाक्य कोठे संपले हे ठरविणारा, कोणी काय केले हेही कित्येकदा ठरवून टाकतो.

भटजींचे कथन एकसारख्या वजनाचे नाही, हे ओळखणे म्हणूनच अगत्याचे. महूजवळ शिपायांकडून त्यांनी ऐकलेली चौऱ्यायशी कलमांच्या यादीची हकीकत घ्यावी. सरकारने हिंदु-मुसलमानांच्या धर्मात हात घालणारी कलमे करून ती राजेरजवाड्यांपुढे मांडली, अशी ती कथा. अशी यादी झाली होती काय, याचा शोध घेत बसणे व्यर्थ होय. तशी यादी झाली असे शिपाई मानत होते आणि वाटेने जाणाऱ्या ब्राह्मणाला सांगत होते, हीच तेथे ऐतिहासिक घटना. या उताऱ्यातील ‘असे ते म्हणाले’ एवढे शब्द जरी गळले, तरी अफवेचे रूपांतर वृत्तांतात होते.

याउलट झाशीचे वर्णन. १८५८ च्या मार्चअखेरीस सर ह्यू रोजने वेढा घातला, एप्रिलच्या आरंभी शहर पडले, आणि भटजी त्या वेळी शहरातच होते. तेथील कत्तलीसाठी ते ‘बिजन’ हा शब्द वापरतात. फारसीतील ‘मार’ या आज्ञार्थापासून तो आलेला आहे; शब्दाच्या पोटातच हुकूम दडलेला आहे. ‘दंगल’ किंवा ‘हत्याकांड’ घातल्याने अर्थ साधारण तोच राहतो, पण वरून आज्ञा सुटली आहे ही जाणीव नाहीशी होते. राणीच्या अंताविषयी मात्र ते ऐकीव सांगतात, आणि काळपीकडे वाटेवरील विहिरीजवळ राणी भेटली तो प्रसंग तर पंचवीस वर्षांत अनेकदा सांगून घोटलेला असणार. घोटलेली कथा खोटी असते असे नव्हे. पण तिच्यातील संवाद शब्दशः घेण्यात शहाणपण नाही. आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. द. ब. पारसनीस यांचे राणीचे चरित्र १८९४ सालीच प्रसिद्ध झाले होते. १९०७ चा पाठ व हे चरित्र यांचा मेळ बसतो म्हणून दोन स्वतंत्र साक्षी मिळाल्या, असे म्हणण्यापूर्वी त्या त्या ठिकाणी हस्तलिखित काय म्हणते ते पाहिले पाहिजे.

शब्दांच्या या प्रवासाला पुस्तकाच्या नावातील ‘बंड’ही अपवाद नाही. इंग्रजी ‘म्यूटिनी’ ही पलटणीची. मराठी ‘बंड’ कोणाचेही असू शकते. तोतयाचे बंड झाले ते शिपायांचे नव्हते, गादीच्या हक्काचे होते. अमृतलाल नागरांनी हिंदीत हे पुस्तक नेले तेव्हा नावात ‘गदर’ आला. अरबीत त्याचा मूळ अर्थ विश्वासघात. पण १९१३ साली अमेरिकेतील क्रांतिकारकांनी तोच शब्द अभिमानाने धारण केला होता. नागरांचे भाषांतर १९६६ च्या आधीचे, तेव्हा त्यामागे वैद्यांचाच पाठ आहे हे उघड आहे. २०११ नंतर इंग्रजीत एकाहून अधिक भाषांतरे झाली. त्यांचा आधार घेणाऱ्याने प्रथम कोणत्या पाठाचे भाषांतर ते पाहावे.

एक गोष्ट मात्र दोन्ही पाठांत शाबूत आहे, आणि तिची किंमत कमी लेखली जाते. भटजी उत्तरेस गेले ते बंड पाहण्यासाठी नव्हे, घरचे कर्ज फेडण्यासाठी. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञातील दक्षिणेची आशा त्यांना घेऊन गेली. म्हणून दक्षिणा किती, पंगत कशी, दागिना कोणता, वाटेत लुटले गेले ते काय, यांविषयी त्यांचा शब्द पक्का धरावा. या बाबतींत खोटे बोलण्याचे त्यांना प्रयोजन नव्हते आणि चुकण्याचा संभव थोडा होता. सैन्याच्या संख्या व सेनापतींचे मनसुबे यांविषयी तसे म्हणता येणार नाही. लुटून लुटून अखेरीस जी गंगेची कावड खांद्यावर उरली ती त्यांनी वरसईपर्यंत आणली, आणि त्या उदकाने आईवडिलांना स्नान घातले. हकीकत तेथे संपते; हकीकत सांगणाऱ्याच्या लेखी प्रवासाचे फळ तेच होते.