भाडेनियंत्रणाच्या परिणामांचे मापन : एका निबंधाचा परामर्श

घरभाड्याच्या नियंत्रणाविषयी अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे; त्याच्या परिणामांचे काटेकोर मापन मात्र थोड्यांनीच केले. या थोड्यांत रिबेका डायमंड, टिम मॅक्वेड आणि फ्रँकलिन छियान यांच्या सॅन फ्रॅन्सिस्कोविषयक निबंधाला मानाचे स्थान आहे. ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे मुंबईविषयी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही हाताशी घेण्याचा मोह पडतो. म्हणून ते कसे सिद्ध झाले हे पाहणे अगत्याचे आहे.

त्या शहराने १९७९ साली भाडेवाढीवर मर्यादा घातली, परंतु मालक स्वतः राहत असलेल्या, चार किंवा त्याहून कमी घरांच्या लहान इमारती वगळल्या. १९९४ च्या सार्वमताने ही सवलत काढून घेतली. मात्र १९८० पूर्वी बांधलेल्या इमारतींपुरतीच. त्यामुळे एकाच शहरात एकसारख्या लहान इमारती केवळ बांधणीच्या वर्षावरून नियंत्रणाच्या आत किंवा बाहेर पडल्या. लेखकांनी १९९३ अखेर तेथे राहणाऱ्यांच्या पत्त्यांचा पुढील अनेक वर्षे मागोवा घेतला. नियंत्रण लाभलेले भाडेकरू त्याच घरी राहण्याचे प्रमाण वाढले, आणि वयस्क व जुन्या भाडेकरूंत ते विशेष वाढले. उलटपक्षी, या इमारतींच्या मालकांनी घरे विकून किंवा इमारती नव्याने बांधून भाड्याच्या घरांचा पुरवठा १५ टक्क्यांनी घटविला. एवढा भाग उत्कृष्ट आहे. कायद्यातील एका अपघाती रेषेचा इतका चतुर उपयोग क्वचितच आढळतो.

पण ज्या आकड्याचा गाजावाजा अधिक झाला तो निराळा : पुरवठा घटल्यामुळे शहरभर भाडी ५.१ टक्क्यांनी वाढली. हा आकडा १५ टक्क्यांच्या जातीचा नाही. दोन इमारतगटांच्या तुलनेतून तो निघालेला नाही, आणि निघूही शकत नाही. शहरातील भाडी सर्वत्र वाढली तर ती दोन्ही गटांसाठी वाढतात, आणि वजाबाकीत ती वाढ नाहीशी होते. भरतीचे पाणी दोन्ही होड्यांना सारखेच उचलते. त्यांची उंची एकमेकींशी ताडून भरती मोजता येत नाही. यासाठी लेखकांना घरांच्या मागणी-पुरवठ्याचे गणिती प्रतिमान उभारावे लागले, आणि ५.१ हा त्या प्रतिमानाचा निष्कर्ष आहे. लेखक स्वतः सावध आहेत. आपल्या सारांशात भाडी ‘बहुधा’ वाढली असावीत एवढेच ते म्हणतात. उद्धृत करणारे तो शब्द गाळतात, आणि अनुमानाला निरीक्षणाचा दर्जा मिळतो.

तुलनेचा दुसरा गट खरोखर अलिप्त असतो काय, हाही प्रश्न आहे. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे १९९५ साली नियंत्रण उठले, तेव्हा कधीच नियंत्रणात नसलेल्या शेजारच्या घरांच्या किमतीही वाढल्याचे ऑटर, पामर आणि पाठक यांनी २०१४ साली दाखविले. म्हणजे शेजार हा साक्षीदार नसून पक्षकारच असतो.

मुंबईकडे वळताना अडचण अधिक मूलगामी होते. सॅन फ्रॅन्सिस्कोत घर रिकामे झाले की मालक नव्या भाडेकरूकडून बाजारभावाने भाडे घेऊ शकतो; मर्यादा केवळ त्यानंतरच्या वाढीवर असते. १९४७ च्या मुंबई कायद्याने मात्र १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानून गोठविले, आणि भाडेकरूच्या मृत्यूनंतर कुटुंबीयांकडेही तो हक्क जात राहिला. ‘भाडेनियंत्रण’ हे नाव दोहोंना समान असले तरी वस्तू दोन आहेत. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अन्याय्य ठरविली. २००० साली अंमलात आलेल्या नव्या कायद्याने वार्षिक ४ टक्के वाढ दिली, तीही अर्थातच जुन्या, क्षुल्लक रकमेवर.

शिवाय येथे किंमतच दडलेली आहे. नव्या कायद्याने पागडी वैध केली. तोवर ती घेणे गुन्हा होता, आणि गुन्ह्याची पावती कोणी देत नाही. महापालिकेच्या करआकारणीच्या वह्यांत प्रमाण भाडे सापडेल. भाडेकरूने घर मिळविताना मोजलेली रक्कम सापडणार नाही. त्या वह्यांवरून भाडेकरूचा लाभ मोजणारा अभ्यास तो फुगवूनच सांगेल. मालकाच्या प्रतिक्रियेचे रूपही वेगळे. तिकडे घर विकले गेले, इकडे चाळीची दुरुस्ती थांबली. १९६९ साली उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले आणि १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत आल्या. पुरवठा मोजणाऱ्या पद्धतीला ही झीज दिसत नाही, कारण टेकू लावलेली खोलीही एक खोली म्हणूनच मोजली जाते.

मग मुंबईत अशी रेषा शोधायची कोठे? आमच्या मते १ फेब्रुवारी १९७३ ही तारीख तपासण्याजोगी आहे. त्या दिवशी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना (‘लीव्ह अँड लायसन्स’वाल्यांना) कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले, त्यानंतर आलेल्यांना ते नव्हते. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, दोन शेजारी अशा रीतीने निराळ्या कायद्याखाली आले. लघुवाद न्यायालयातील दावे आणि मतदारयाद्यांतील नावे जुळविल्यास कोण किती वर्षे टिकला हे काढता येईल. काम कंटाळवाणे आहे, आणि याद्यांत एकच आडनाव अनेक खोल्यांत आढळते. पण सॅन फ्रॅन्सिस्कोचे लेखकही पत्त्यांच्या अशाच ढिगातून गेले होते.