चांद्याचे रान, शिकागोचे टेबल

मंडळाच्या स्मरणिकेत नाटक, ढोलताशा, भजनी मंडळ यांवर दरवर्षी लिहून येते, आणि ते यायलाच हवे. यंदा मी ज्या कलेबद्दल लिहिते आहे तिला पडदा लागत नाही, ध्वनिक्षेपकही लागत नाही. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात एका मराठी घरी रात्रीची ताटे उचलली की ती त्याच टेबलावर उभी राहते. पाच-सहा माणसे बसतात. एक जण गोष्ट सांगू लागतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होऊन बोलू लागतात. मुले प्राथमिक शाळेत होती तेव्हा सुरू झालेली ही गोष्ट अजून संपलेली नाही. त्यातली काही मुले आता नोकरीला लागली आहेत.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये बाजारात आणला. पहिल्या छपाईच्या १,००० प्रती गायगॅक्स यांच्या घरीच खोक्यांत भरल्या गेल्या. ते घर विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावात, म्हणजे आपल्या मंडळातल्या बहुतेकांना गाडीने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल इतक्या अंतरावर. आपण तिथे तळे पाहायला जातो, पण याच गावातल्या हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये १९६८ साली 'जेन कॉन' हा खेळाडूंचा पहिला मेळावा भरला होता हे फार थोड्यांना ठाऊक असते. आज तोच मेळावा इंडियानापोलिसला भरतो आणि त्याला हजारो माणसे लोटतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या आधी मिनेसोटात डेव्ह वेसली यांनी लढाईच्या खेळात एक साधा बदल केला होता. खेळाडूच्या हाती सैन्य देण्याऐवजी त्यांनी प्रत्येकाला गावातला एकेक माणूस होऊन वागायला सांगितले. पुढचे सगळे त्या बदलातून फुटले.

खेळायची रीत सोपी आहे. सूत्रधार प्रसंग सांगतो: नदीला पूर आहे, नावाडी नाही, पलीकडे मशाली दिसताहेत. मग विचारतो, आता काय करता? तुम्ही तुमच्या पात्राच्या तोंडून बोलता, पात्राच्या अंगाने वागता. जिथे यश मिळेल की नाही याची शंका असते तिथे वीस पैलूंचा फासा टाकायचा, पात्राच्या अंगच्या कसबाचे गुण त्यात मिळवायचे, आणि सूत्रधाराने ठरवलेला आकडा गाठला तर काम फत्ते. चार, सहा, आठ, बारा आणि वीस पैलूंचे फासे सुरुवातीला शाळांना गणिताचे साहित्य पुरवणाऱ्या कंपनीकडून आणत. त्यांवरचे आकडे खेळाडूला स्वतः मेणाच्या खडूने भरावे लागत. हरण्याजिंकण्याचा हिशेब या खेळात नाही. गोष्ट पुढे जाणे हेच त्याचे फळ.

हे मला पहिल्याच रात्री ओळखीचे वाटले, त्याचे कारण मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरची.

चिमूर म्हटले की लोकांना १९४२ आठवते. १६ ऑगस्टची नागपंचमी, तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेले गाव, नंतरचे इंग्रज सरकारचे अत्याचार आणि त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी केलेले ६३ दिवसांचे उपोषण. हे विसरता कामा नये. पण आम्हा पोरांना त्याच गावाने आणखी एक वेड लावले. धानाची कापणी आटोपली, दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरायची आणि रात्री दंडार उभी राहायची. तणसावर पोती अंथरून आम्ही बसायचो. गॅसबत्तीच्या उजेडात ढोलकी-टाळ सुरू झाले, नमन झाले की सोंगे यायची. दुपारी बंडी हाकताना पाहिलेला गडी डोक्यावरून लुगड्याचा पदर घेऊन यायचा आणि त्या क्षणापासून तो गौळण असायचा. समोरून कोणी ओरडायचे, "दही आंबट तं नाई ना जी?" आणि गौळण चालता चालता मान वळवून म्हणायची, "मागच्या बाजारची उधारी चुकव, मंग चाख!" हे कुठेही लिहिलेले नव्हते. विचारणाऱ्याचे घर, त्याची उधारी, त्याचा स्वभाव सोंगाड्याला ठाऊक होता आणि गौळणीच्या तोंडून त्याला उत्तर देण्याची तयारी त्याच्या जिभेवर होती. गोष्ट कृष्णाची, पण रात्र गावाची.

आमच्याकडची रंगभूमी ती ही: खडी गंमत, दंडार आणि त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली झाडीपट्टीची नाटके. वडशाला नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत. हंगामात शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, आणि मंडईच्या गावी रात्री उशिरा पडदा वर जातो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांचा हा कारभार उर्वरित महाराष्ट्राने फार उशिरा पाहिला. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि इथली लोकरंगभूमी यांचा आयुष्यभर अभ्यास केला. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्या बातमीने मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही.

परदेशात आपण नाटके करतो, तालमी जोरात होतात, प्रयोग देखणे होतात. पण ती पाठ केलेली नाटके. दंडारीतले ते तत्काळ उत्तर, समोरच्याने टाकलेला शब्द झेलून आपल्या पात्राच्या तोंडून परत फेकणे, हे कसब मला इथे फक्त या टेबलावर भेटले. ही कला इथे जिवंत आहे असे मी म्हणते ते या अर्थाने.

आमचा सूत्रधार मूळ ब्रह्मपुरीकडचा. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, वयाने मोठेसुद्धा. पुस्तकातली तयार राज्ये त्याने बाजूला ठेवली आणि चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, दंतकथेवर मोहीम रचली. खांडक्या बल्लाळशहा नावाचा गोंड राजा शिकारीला निघाला, तहानेने झरपटीचे पाणी प्याला आणि अंगावरचे व्रण बरे झाले. मग त्याने पाहिले की एक ससा कुत्र्याच्या मागे लागला आहे. ससा जिथून जिथून धावला तिथून चांद्याच्या परकोटाची रेषा आखली गेली, असे म्हणतात. अशी गोष्ट ज्या मुलखाच्या वेशीवरच उभी आहे त्याला बाहेरच्या चेटक्यांची आणि बुटक्यांची गरज काय? आमच्या मोहिमेचा पहिला प्रसंग हाच: अंधारात एक कुत्रा जिवाच्या आकांताने पळत येतो आणि त्याच्यामागे ससा. तुम्ही काय करता?

त्या प्रश्नापासून आम्ही निघालो ते अजून चालतोच आहोत. घोडाझरीच्या काठी मुक्काम झाला. पेरजागडाच्या सुळक्यांवर सात बहिणींचे कोडे सोडवले. मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते, तिथे नदी उलटी का वाहते हे शोधण्यात आमचा एक अख्खा हिवाळा गेला. नकाशा दादाने कापडावर काढलेला आहे, त्यावर हळदीचे आणि चहाचे डाग आहेत, आणि आम्ही पाहिलेल्या जागा कुंकवाच्या टिंबांनी दाखवल्या आहेत.

घरात फासे आले म्हणून सुरुवातीला विरोधही झाला. भारतातून आलेल्या एका सासूबाईंनी स्पष्ट सांगितले की फाशांनी पांडवांना वनात धाडले, ते या घरात नकोत. दादाने वाद घातला नाही. त्यांना टेबलाशी बसवले आणि म्हणाला, "मावशी, इथे पणाला काही लावायचं नाही. फक्त तुम्ही चांद्याची राणी हिराई आहात असं समजा, आणि हे लोक तुमच्याकडे न्याय मागायला आलेत." त्यांनी त्या रात्री दिलेला न्याय मोहिमेत अजून कायदा म्हणून चालतो.

आता वाघाचे सांगते. या खेळाच्या १९७७ च्या राक्षसग्रंथात आपला 'राक्षस' आहे, आणि चित्रकाराने त्याला वाघाचे डोके दिले आहे. हाती पाइप घेऊन तो ऐटीत बसलेला आहे, आणि मंतरलेला बाण लागला की मरतो. जगभरच्या खेळाडूंना राक्षस म्हटले की तोच दिसतो. आमचे बालपण मात्र ताडोबाच्या सावलीत गेलेले. कोलारा गेट आमच्याच तालुक्यात. आमच्याकडे वाघाच्या भीतीने माणसे सांजेला घरी परततात आणि रानातल्या वाघोबाच्या दगडाला शेंदूरही लावतात. त्यामुळे रामदेगीच्या जंगलात दादाने तो वाघतोंड्या आमच्यासमोर उभा केला तेव्हा बाण काढायला कोणाचाच हात उठेना.

माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची. घरी तिचे मराठी 'हो', 'नको', 'भूक लागली' एवढ्यावर आलेले. तिचे पात्र रानातली औषधे जाणणारी एक पोर, कमरेला कुऱ्हाड. ती खुर्चीतून उठली, हात जोडले आणि म्हणाली, "वाघोबा, आम्हाला पलीकडे जायचंय. तुमचं काही घेणार नाही."

दादाने आवाज खाली उतरवला. "मग कमरेला कुऱ्हाड कशाला?"

"सरपणाची आहे. मी वाळलेलं तोडते. ओलं नाही तोडत."

"तुझ्या आधी आलेलेही हेच म्हणाले."

तिने थोडा विचार केला. शब्द शोधत होती, इंग्रजी ओठांवर आले होते, ते तिने गिळले. "मग मी गेल्यावर मोजा," ती म्हणाली. "झाडं मोजा. एक कमी झालं तर या आमच्या गावात."

दादाने तिला फासा टाकायला सांगितले. पंधरा हवे होते, पडले चार. दुसरा सूत्रधार असता तर वाघ अंगावर आला असता, किंवा पोरीला वाईट वाटू नये म्हणून फासा नजरेआड झाला असता. दादा म्हणाला, "वाघ म्हणतो, बोलणं खरं आहे, पण खात्री नाही. वाट देतो, कुऱ्हाड ठेवून जा." तिने कागदावरची कुऱ्हाड स्वतः खोडली. पुढे कितीतरी रात्रींनंतर उमा नदीच्या पुरात ओंडका तोडून साकव घालायची वेळ आली तेव्हा कुऱ्हाड नव्हती, आणि त्या एका खोडलेल्या ओळीमुळे आमची दिशाच बदलली. लांब चालणाऱ्या मोहिमेची गोडी यात आहे. इथे बोललेला शब्द वाया जात नाही, तो वर्षांनी परत येऊन दार ठोठावतो.

माझे पात्र चांदागडचा म्हातारा कोतवाल होते. दंडारीत बायकांची सोंगे पुरुष घेत. आमच्या लहानपणी मुलीला तिथे उभे राहायची सोय नव्हती, आम्ही तणसावर बसून पाठांतर करायचो तेवढेच. इथे मी मिशीवर ताव देत दवंडी पिटली, पाटलाला तोंडावर खोटे पाडले, गांजलेल्या माणसाच्या बाजूने सरकारात उभी राहिले. कोतवालाची बोली मी झाडीच ठेवली, आणि कोल्हापूर-इंदूरकडची मंडळी "काऊन जी?" म्हणायला शिकली. गेल्या काही वर्षांत माझ्या माहेरची भाषा सर्वांत जास्त मी त्या टेबलावर बोलले आहे.

कोतवाल भामरागडला गेला. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती मिळतात त्या संगमावर, बाकीच्यांना नावेत चढवताना. फाशावर एक पडला. कोणी काही बोलायच्या आत कोल्हापूरच्या वहिनींनी त्यांच्या पात्राच्या तोंडून दवंडी दिली, कोतवालाच्याच चालीत. त्या रात्री पुढे खेळ झाला नाही. आम्ही चहा केला आणि त्याच्या गोष्टी काढत बसलो, गावातल्या जाणत्या माणसाच्या काढतात तशा.

२०२० मध्ये घरांची दारे बंद झाली तेव्हा टेबल संगणकाच्या पडद्यावर गेले. नागपूरला परतलेला एक भिडू त्यामुळे परत आला. आमची रात्र ती त्याची सकाळ, आणि त्याच्या मागे कुकरची शिट्टी वाजायची. अशा मोहिमा पिढ्यान्पिढ्या चालू शकतात याला दाखला आहे. कॅनडातल्या लंडन शहरातले इतिहासाचे प्राध्यापक रॉबर्ट वॉर्डहॉ १९८२ पासून एकच मोहीम चालवत आहेत आणि त्यांची मुलेही तीत खेळली आहेत. त्यापुढे आम्ही नवखेच.

गेल्या दसऱ्यापासून सूत्रधाराच्या जागी माझी मुलगी बसते. दादा आता साधा खेळाडू, रानात वाट चुकलेला एक शाहीर. पुढचा डाव तिने चिमूरच्या घोडायात्रेवर रचायला घेतला आहे: माघातली रात्र, लाकडी घोड्यावर बालाजीची स्वारी निघालेली, आणि गर्दीत कोणीतरी एक माणूस जो दरवर्षी दिसतो पण गावात कोणाच्याच घरी उतरत नाही. तिने मला प्रश्नांची यादी पाठवली आहे. मिरवणूक कुठल्या वळणावर थांबते, घोड्याला आधी कोण हात लावतो, त्या रात्री दुकानांत काय विकायला असते, पोरे हरवली तर कुठे नेऊन बसवतात. निम्म्यांची उत्तरे मला देता आली. उरलेल्यांसाठी हे लिहिते आहे. मंडळात चिमूर, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, सिंदेवाही, मूल इकडची जी घरे असतील त्यांनी आपल्या आजीआजोबांना फोन लावावा, आठवेल ते विचारून घ्यावे आणि एखाद्या शनिवारी आमच्याकडे जेवायला यावे. फासे आमच्याकडे आहेत.