एका पत्राची चाळीस वर्षे
('लिमिटेड पार्टनरशिप' या अनुबोधपटाच्या निमित्ताने)

सरकारी कचेरीतून निघणाऱ्या पत्राला सहसा स्वतःचा आवाज नसतो. 'आपला अर्ज विचारात घेण्यात आला', 'कळविण्यास खेद वाटतो' अशा ठरीव शब्दांत ते लिहिलेले असते आणि लिहिणारा त्या शब्दांआड सुखरूप असतो. अमेरिकेच्या स्थलांतर खात्याने २४ नोव्हेंबर १९७५ रोजी रिचर्ड अ‍ॅडम्स या आपल्याच एका नागरिकाला पाठविलेले पत्र मात्र याला अपवाद ठरले. आपला जोडीदार अँथनी सलिव्हन हा ऑस्ट्रेलियन असून त्याला पती या नात्याने देशात कायम राहू द्यावे, असा अ‍ॅडम्सचा अर्ज होता. खात्याने एका वाक्यात उत्तर दिले : अशा दोन माणसांमध्ये खरेखुरे वैवाहिक नाते असू शकते हे अर्जदाराला सिद्ध करता आलेले नाही. 'अशा माणसांमध्ये' हे शब्द माझे आहेत. मूळ पत्रात त्या जागी समलिंगी पुरुषांना रस्त्यावर हासडली जाणारी एक गलिच्छ शिवी आहे.

थॉमस मिलर यांनी दिग्दर्शित केलेला 'लिमिटेड पार्टनरशिप' (२०१४) हा अनुबोधपट या पत्राभोवती उभा आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर तो १५ जून २०१५ रोजी दाखविला गेला. त्यानंतर अकराच दिवसांनी तेथील सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली. या योगायोगामुळे त्याच्याकडे विजयगाथा म्हणून पाहिले गेले. मला तो विजयगाथा वाटत नाही. त्यात जे उत्तम आहे ते विजयाच्या अलीकडचे आहे, आणि जे उणे आहे ते विजयापर्यंत पोचण्याच्या घाईतून आलेले आहे. एका धर्मगुरूने या विषयावर लिहावे काय, हा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात देण्याचा प्रयत्न करतो.

कथानक थोडक्यात असे. अ‍ॅडम्सचा जन्म फिलिपिन्समधला; लहानपणी तो अमेरिकेत आला आणि पुढे तेथील नागरिक झाला. १९७१ साली लॉस एंजेलिसमध्ये त्याची सलिव्हनशी भेट झाली. सलिव्हन पर्यटक म्हणून आलेला, त्यामुळे मुदत संपण्याची टांगती तलवार सतत डोक्यावर. १९७५ च्या वसंतात कोलोरॅडो राज्यातील बोल्डर परगण्याच्या निबंधक क्लेला रोरेक्स यांनी समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने देण्यास सुरुवात केली. राज्याच्या कायद्यात त्यास स्पष्ट मनाई नाही, असा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यांनी सहा परवाने दिले. त्यांपैकी एकावर २१ एप्रिल १९७५ रोजी अ‍ॅडम्स व सलिव्हन विवाहबद्ध झाले. लवकरच राज्याच्या महाधिवक्त्यांनी हे परवाने अवैध ठरविले आणि ते देणे थांबले.

आता वृत्तपत्रांनी या घटनेतून काय उचलले ते पाहावे. परवान्यांच्या निषेधार्थ एक गृहस्थ आपल्या डॉली नावाच्या घोडीला घेऊन कचेरीत आले आणि तिच्याशी लग्न करण्याचा परवाना मागू लागले. रोरेक्स यांनी घोडीचे वय विचारले. ते आठ वर्षे निघाले. वधू अल्पवयीन असून पालकांची संमती नाही, या कारणास्तव त्यांनी अर्ज नाकारला. उत्तर हजरजबाबी होते यात शंका नाही. परंतु या प्रसंगाने बाकी सारे झाकून टाकले. घोडीचा किस्सा देशभर पोचला. ज्या दोघांना महिन्याभरात देश सोडावा लागेल की काय याची धास्ती होती, त्यांची कहाणी त्याच्यामागे कोठेतरी राहिली. रोरेक्स यांच्याकडे द्वेषाने भरलेल्या पत्रांचा ओघ सुरू झाला. त्यांत ख्रिस्ती मंडळ्यांकडून आलेली पत्रेही होती. मुदत संपण्यापूर्वीच त्यांनी पद सोडले.

प्रसारमाध्यमे खोटे सांगतात, ही आपली नेहमीची तक्रार. येथे तसे झालेले नाही. घोडी खरी होती, उत्तरही खरे होते. बातमीदाराने काय पाहिले यापेक्षा कोठे पाहणे सोडून दिले, हा येथे प्रश्न आहे. पुढे फिल डोनाह्यू यांच्या गाजलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात हे दोघे बसलेले आपण अनुबोधपटात पाहतो. त्यांच्यासमोर प्रेक्षक आहेत आणि प्रत्येकाला त्यांच्याविषयी मत आहे. दोघे सभ्यपणे उत्तरे देतात. चर्चेचा विषय सतत 'विवाह म्हणजे काय' हाच राहतो. 'या माणसाला उद्या विमानात बसवून परत पाठवावे काय' हा साधा प्रश्न त्यामानाने मागे पडतो. चाळीस वर्षांनी हीच माध्यमे त्यांना अग्रदूत म्हणू लागली. आधी त्यांचे हसे झाले, नंतर त्यांचा पुतळा झाला. दोन्ही वेळी माणूस मधल्या मध्ये हरवला.

मिलर यांचे श्रेय हे की त्यांनी तो मधला माणूस शोधला. दशकाहून अधिक काळ ते या दोघांचे चित्रण करीत होते. जुन्या बातम्यांची फीत, छायाचित्रे, मुलाखती आणि घरातील साधे क्षण यांची त्यांनी केलेली गुंफण संयत आहे. सलिव्हनच्या आईने मुलाशी नाते तोडले, ही गोष्ट त्यांनी कोणताही आक्रोश न करता सांगितली आहे, आणि म्हणूनच ती लागते. वय वाढत जाते, चेहरे सैलावतात, रिचर्डला कर्करोग होतो, आणि जो खटला कायद्याच्या पुस्तकात दोन आडनावांनी ओळखला जातो तो एका आजारी माणसाच्या शुश्रूषेपाशी येऊन थांबतो.

न्यायालयांचा भाग त्यांनी विशेष नेटकेपणाने मांडला आहे. पत्र आल्यानंतर अ‍ॅडम्स न्यायालयात गेले. १९८२ साली अपील न्यायालयाने निकाल दिला की काँग्रेसला 'पती-पत्नी' या शब्दांत स्त्री-पुरुषच अभिप्रेत होते. त्या काळी समलिंगी परदेशी माणसाला देशात प्रवेशच नाकारणारा नियम कायद्यात होता, याचाही निकालात आधार घेतला गेला. हा नियम १९९० साली रद्द झाला. दरम्यान सलिव्हन यांनी वेगळी वाट धरली. हद्दपारीमुळे अत्यंत हालअपेष्टा होणार असतील तर ती थांबविता येते, या तरतुदीखाली त्यांनी दाद मागितली. १९८५ साली दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ती फेटाळली गेली. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायाधीश होते अँथनी केनेडी. हेच केनेडी पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०१३ व २०१५ साली समलिंगी जोडप्यांच्या बाजूने लागलेले दोन्ही ऐतिहासिक निकाल त्यांच्याच लेखणीतून उतरले. ते कॅथॉलिक आहेत, हेही येथे नोंदवावेसे वाटते. माणसाचा विवेक एका दिवसात घडत नाही, एवढ्याच अर्थाने.

अनुबोधपट कमी पडतो तो यानंतर. १९८५ च्या निकालानंतर दोघांनी देश सोडला, सुमारे वर्षभर युरोपात काढले आणि मग ते मेक्सिकोच्या सीमेवरून गुपचूप परतले. तेथून पुढची पंचवीसहून अधिक वर्षे सलिव्हन कागदपत्रांविना राहिले. त्या वर्षांत बातमी नव्हती, कॅमेरा नव्हता, खटलाही नव्हता. दारावरची थाप, पोलिसांची गाडी, एखादा नवा अर्ज भरण्याची वेळ, या प्रत्येकाची भीती असणारे हे आयुष्य असणार. या दीर्घ काळावरून अनुबोधपट फार लवकर पुढे सरकतो. संगीत चढते, चळवळीची दृश्ये येतात, आणि आपण सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्यांशी पोचतो. खरी कहाणी तर त्या न दिसणाऱ्या वर्षांचीच होती. ती एकट्या या जोडप्याचीही नव्हती. २००० च्या जनगणनेच्या आधारे, अमेरिकेत एक जोडीदार नागरिक आणि दुसरा परदेशी अशी सुमारे ३६ हजार समलिंगी जोडपी होती, असा अंदाज २००६ च्या एका मानवाधिकार अहवालात मांडला गेला होता.

आता आपल्या घरातला प्रश्न. स्थलांतरितांच्या बाजूने अमेरिकेतील ख्रिस्तसभा जितकी ठामपणे उभी राहिली तितकी क्वचितच दुसरी कोणती संस्था राहिली असेल. कुटुंबाची ताटातूट होऊ नये, हा तिचा आग्रह. तरीही २०१३ साली स्थलांतर कायद्यातील सुधारणा सिनेटपुढे असताना समलिंगी जोडीदारांचा त्यात समावेश करण्यास धर्माध्यक्ष परिषदेने विरोध केला. ही दुरुस्ती मांडणारे सिनेटर पॅट्रिक लेही यांना ती मागे घ्यावी लागली. या विरोधामागील तात्त्विक भूमिका मला समजते. विवाह हा स्त्री व पुरुष यांच्यातील संस्कार आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. मीही तेच शिकवितो आणि या लेखात त्याला बगल देण्याचा माझा हेतू नाही.

परंतु विवाह हा शब्द न वापरताही वाट काढता आली असती. ब्रिटनने १९९७ साली, काही वर्षे एकत्र राहिलेल्या अविवाहित जोडीदारांना, समलिंगी असोत वा नसोत, निवासाची सवलत दिली. खुद्द अमेरिकेत २००० साली काँग्रेससमोर आलेल्या विधेयकात 'पती-पत्नी' हा शब्द नव्हता, 'कायमचा जोडीदार' असा होता. आमच्या सिद्धान्ताला धक्का न लावता, आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला हद्दपार करू नका, असे म्हणता आले असते. समलिंगी व्यक्तींना आदराने, करुणेने व हळुवारपणे वागवावे आणि त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभाव टाळावा, ही आपल्या धर्मशिक्षणग्रंथाचीच शिकवण आहे. माध्यमांनी घोडी पाहिली आणि माणसे पाहिली नाहीत. आम्ही शब्द पाहिला आणि माणसे पाहिली नाहीत. दोहोंत अंतर आहे, पण फार नाही.

हे मी बाहेरून बोलत नाही. अनेक वर्षांपूर्वी, वेगळ्या धर्मग्रामात असताना, एक बाई भेटीस आल्या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. त्यांचा मुलगा परदेशी नोकरीस होता. "फादर, तो तिथं एका मुलाबरोबर राहतो. त्याचे बाबा म्हणतात, आता त्याने इकडे पाय ठेवायचा नाही. मी काय करू?" मी त्यांना अर्धा तास ख्रिस्तसभेची शिकवण समजावून सांगितली. त्यात चूक काही नव्हते. बाईंनी मान डोलावली, डोक्यावरचा पदर सावरला आणि त्या गेल्या. त्या गेल्यावर माझ्या ध्यानात आले की मुलाचे नाव काय, तो बरा आहे ना, त्याच्याशी तुमचे बोलणे होते काय, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नव्हता. सलिव्हनच्या आईचा प्रसंग पडद्यावर आला तेव्हा मला त्या बाई आठवल्या. त्यांना मी शिवी दिली नव्हती. पण नुसत्या नियमाच्या भाषेत दिलेले उत्तर तेवढेच गार असू शकते, हे मला तेव्हा कळले नव्हते.

आणि हा प्रश्न दूरदेशीचा राहिलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये विवाहबद्ध झालेल्या एका जोडप्याने परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मिळण्याच्या हक्कासाठी २०२१ साली दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली होती. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. ज्यांची मुले परदेशी आहेत अशी घरे आपल्या धर्मग्रामांत थोडी नाहीत. तेव्हा 'आमच्यात असे कोणी नाही' हे वाक्य आपण जरा जपून उच्चारावे.

शेवटची हकीकत सांगून थांबतो. सर्वोच्च न्यायालयाने या विषयावरील पहिला निर्णायक खटला सुनावणीस घेतल्याला दहा दिवस झाले असताना, १७ डिसेंबर २०१२ रोजी रिचर्ड अ‍ॅडम्स वारले. २०१४ साली स्थलांतर खात्याच्या प्रमुखांनी सलिव्हन यांना पत्र लिहून १९७५ च्या त्या शब्दांबद्दल क्षमा मागितली. पुढे जुना अर्ज पुन्हा उघडण्यात आला, तो मंजूर झाला, आणि अमेरिकी नागरिकाचा विधुर म्हणून सलिव्हन यांना कायम निवासाचे कार्ड मिळाले. तारीख होती २१ एप्रिल २०१६, लग्नाचा एकेचाळिसावा वाढदिवस. चार वर्षांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये, तेही गेले.

कायदा बदलला तो न्यायालयात. क्षमा मात्र कोणा एका अधिकाऱ्याने, आपण न लिहिलेल्या पत्राबद्दल, सही करून मागितली. मला या साऱ्या हकीकतीत ते दुसरे पत्र सर्वांत मोलाचे वाटते. आपल्यापैकी पुष्कळांच्या नावे अशी काही पत्रे लिहायची राहून गेली आहेत. माझे एक आहे.